मध्यसत्रापर्यंतचे आतिथ्य

आग्रह हा आपल्या लोकांचा फार जुना गुण आहे, आणि जुन्या गुणांची परीक्षा सहसा कोणी करीत नाही. पानावर बसलेल्याला 'नको' म्हणण्याचा अधिकार असतो. पण त्याच्या पहिल्या 'नको'वर विश्वास ठेवणे आपल्याकडे यजमानाला लाजिरवाणे वाटते. पाहुणा संकोची असतो, त्याची भूक शिष्टाचाराच्या आड दडलेली असते, आणि ती तेथून हळुवार हाताने बाहेर काढणे हे यजमानाचे कर्तव्य आहे, या समजुतीत एक सूक्ष्म करुणा आहे. ज्याने ही रीत प्रथम पाडली त्याचे मन थोर असले पाहिजे. परंतु कधी कधी हा गुण अशा हातांत पडतो, की आग्रहाचा विषय पाहुण्याची भूक न राहता यजमानाचा लौकिक होऊन बसतो. मग पान उचलल्यावर त्या पाहुण्याचे पोट दुखले की काय, याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. राजाराम आठल्ये यांचे सारे आयुष्य या दुसऱ्या प्रकारच्या आग्रहात गेले. त्यांचे चित्र काढायचे ते एवढ्यासाठीच, की चांगला गुण किती सुखाने नासतो हे पाहायला त्यांच्याइतका सोयीचा माणूस दुसरा मिळणार नाही.

राजारामपंत मूळचे सांगलीचे. पुण्यात संख्याशास्त्राची पदवी घेऊन ते साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इलिनॉयला आले, ते डॉक्टरेटसाठी. ती त्यांनी अर्ध्यावर सोडली. अर्ध्यावर सोडणे हा अपराध नव्हे. संसार होता, मार्गदर्शक विक्षिप्त होता. पण पुढे ज्या गृहस्थाने दुसऱ्यांनी अर्ध्यावर सोडू नये म्हणून पगार घेतला, त्याच्या चरित्रातली ही गोष्ट नोंदवून ठेवलेली बरी. शिकागोच्या वायव्येला, शॉमबर्गच्या पलीकडे मक्याची शेते जिथे अजून तग धरून होती, तिथल्या एका दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात त्यांना आकडेमोडीची नोकरी मिळाली. त्र्याऐंशी सालापर्यंत ते विद्यार्थिसेवेचे सहायक डीन झाले होते. शॉमबर्गमध्ये त्यांचे घर होते, दारात तपकिरी ओल्ड्समोबिल होती, तळघरात सतरंज्या पसरून पन्नास माणसे बसतील एवढी जागा होती, आणि सुलभाकाकू सावर क्रीमचे श्रीखंड असे करीत की चक्क्याची आठवण येऊ नये. गावात नवा मराठी संसार आला की त्याचे पहिले जेवण आठल्यांकडे. लोक म्हणत, "राजारामकाकांचा आग्रह म्हणजे आग्रह!" काकांनाही तसेच वाटे.

त्या कॉलेजाविषयी मात्र आदराने बोलले पाहिजे. विद्येकडे येणाऱ्याला तिथे तुझे वय काय, कुळ काय, मागचे गुण किती, असे कोणी विचारीत नव्हते. दिवसभर वेल्डिंग करणारा माणूस संध्याकाळी बीजगणित शिकायला येई. नवरा वारलेली पन्नाशीची बाई टंकलेखन सोडून संगणकाच्या वर्गात बसे. पूर्वी शिष्य समिधा हाती घेऊन गुरूच्या दारी येत असे. इथे तो कामावरचे तेलकट हात घेऊन येई, आणि त्याचे स्वागत होई. एखाद्या देशाला नमस्कार करावा असे वाटायला अशी एक संस्था पुरे आहे. ती चालवायला मिळालेली माणसे तिच्या योग्यतेची नसावीत, हे दुर्दैव काही एकट्या अमेरिकेचे नाही.

ब्याऐंशी साली मंदी होती. कारखाने बंद पडले, बेकार झालेली माणसे काहीतरी नवे शिकावे म्हणून कॉलेजात लोटली, आणि गाड्या लावायला जागा पुरेना. पुढच्या दोन वर्षांत मंदी ओसरली. लोकांना कामे लागू लागली; सप्टेंबरात नाव घातलेला माणूस ऑक्टोबरात रात्रपाळीला रुजू होई आणि वर्गातून नाहीसा होई. कोणत्याही शहाण्या विद्यालयात या गोष्टीवर पेढे वाटले गेले असते. इथे मात्र सुतकी चेहऱ्याने बैठका भरू लागल्या. कारण असे, की राज्याचे अनुदान सत्राच्या आरंभी किती जणांनी नावे घातली यावर मिळत नसे. सत्राच्या मध्यावर किती जण खरोखर शिकत आहेत, असे अध्यापक सहीनिशी सांगत, त्यावर ते मिळे. मध्यसत्राच्या आदल्या दिवशी गेलेला विद्यार्थी अनुदानाच्या दृष्टीने कधी आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी गेलेला मात्र पूर्ण मोजला जाई. वर्गातले आठ जण गेले म्हणून अध्यापकाचा पगार कमी होत नाही, की दिवे कमी जळत नाहीत. तेव्हा गळती ही कॉलेजच्या जिवावर बेतणारी गोष्ट होती, हे मान्य केले पाहिजे. नियमही मुळात दुष्ट नव्हता. खोटी नावे दाखवून कोणी पैसे लाटू नयेत एवढाच त्याचा हेतू होता. पण नियमाने एक दिवस ठरवून दिला, आणि राजारामपंतांच्या बुद्धीला नेमके एवढेच हवे होते.

त्यांनी कॉलेजात आग्रह आणला. गैरहजर राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांच्या कचेरीतून फोन जाऊ लागला. पुष्कळदा ते स्वतः करीत. त्यांचा आवाज मऊ होता, आणि विचारपूस करण्याची हातोटी तर जन्मजात. "टॉम, माय फ्रेंड, आईची तब्येत कशी आहे? नवी नोकरी? वंडरफुल! पण क्लास सोडू नकोस. जस्ट अ फ्यू मोअर वीक्स!" तो बिचारा टॉम! त्याच्या साऱ्या आयुष्यात कोणा डीनने त्याच्या आईची चौकशी केली नव्हती. तो विरघळे, आणि पेंगत का होईना, वर्गात येऊन बसे. अध्यापकांनाही सूचना होती, की मध्यसत्रापूर्वी कोणाचे नाव घाईने काढू नये. त्या वर्षी आकडे सुधारले, आणि अध्यक्षांनी भर सभेत राजारामपंतांच्या पाठीवर हात ठेवला.

ही कर्तबगारी ते घरच्या पंगतीत रंगवून सांगत.

"सायकॉलॉजी आहे रे सगळी," ते म्हणत. "हे अमेरिकन लोक पहिल्या 'नो'लाच मागे सरतात. आपण सरतो का? नको म्हणाला म्हणजे त्याला हवंय!"

नंदू गोखले म्हणून एक विद्युत अभियंता त्यांच्या नित्याच्या पंगतीतला, जिभेला हाड नसलेला. तो विचारी, "आणि मध्यसत्र झाल्यावर काय करता हो त्या टॉमचं?"

"झाल्यावर काय? पंगत उठली. हात धुवा आणि निघा!"

सगळे हसत. काकूंना हसू येत नसे, पण त्या वाढण्यात असत आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसे.

चौऱ्याऐंशीच्या शरदात त्या कॉलेजात वसुधा सरोदे नावाची एक मुलगी शिकत होती. मूळची वर्ध्याची, बी. एस्सी. झालेली, नवरा गिरीश एका कंपनीत यंत्रांचे आराखडे करी. वसुधेला नर्स व्हायचे होते. तिच्या सासरी नर्सिंग हे काही भल्या घरच्या सुनेचे काम मानले जात नव्हते. वर्षभर पत्रांतून वाद घालून तिने एकदा प्रयत्न करण्याची परवानगी मिळवली होती, आणि 'एकदा' या शब्दाखाली सासऱ्यांनी रेघ ओढली होती. नर्सिंगच्या जागा थोड्या. त्यांसाठी अर्ज करण्यापूर्वी शरीररचना आणि रसायन हे दोन विषय पुरे करावे लागत. वेळेत नाव काढून घेतले तर काही बिघडत नसे, पुन्हा घेता येत. पण त्यांत एफ मिळाला, म्हणजे नापास झाले, तर पुढची दोन वर्षे अर्जच करता येत नसे. वसुधेला हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच सप्टेंबरात जेव्हा गिरीशला कंपनीने आठवड्याचे पाच दिवस मिलवॉकीच्या कामावर पाठवायला सुरुवात केली, आणि घरातली एकुलती गाडी त्याच्याबरोबर गेली, तेव्हा तिने शहाणपणाचा निर्णय घेतला. बस त्या बाजूला जात नव्हती, तिला गाडी चालवता येत नव्हती. दोन्ही विषय सोडायचे आणि वसंतात पुन्हा घ्यायचे.

इथे तिने एक चूक केली, आणि ती आपल्यातल्याच कोणी करावी अशी होती. एखादी अमेरिकन मुलगी सरळ कॉलेजच्या खिडकीशी गेली असती, अर्जावर सही करून मोकळी झाली असती. वसुधा शनिवारी आठल्यांच्या घरी गेली. ज्यांच्या घरी इलिनॉयमधले पहिले जेवण जेवलो, ते काका त्याच कॉलेजात मोठ्या हुद्द्यावर असताना त्यांना न सांगता परस्पर नाव काढणे तिला उद्धटपणाचे वाटले.

"ड्रॉप?" काका खुर्चीतून उठलेच. "वेड लागलंय का तुला?"

"काका, यायला गाडीच नाहीये. गिरीश आता वीकएंडलाच येणार."

"मग मी कशाला आहे? तुझ्या अपार्टमेंटवरूनच तर जातो मी. मंगळवार-गुरुवार मी पिक-अप करीन तुला."

"नको काका, तुम्हाला कशाला त्रास..."

"तुझं ते नको मी ऐकलंच नाही. अगं सुलभा, हिला थालीपीठ दे, लोणी घाल भरपूर!"

"पण पुढे थंडीत नाहीच जमलं तर? मला एफ चालणार नाही काका. एकदा एफ लागला की संपलं माझं."

"एफ कसा लागेल? वेळ आलीच तर विथड्रॉवलचं सगळं मी बघतो. घरचं कॉलेज आहे तुझं! तू फक्त हाडं पाठ कर."

ती समाधानाने थालीपीठ खाऊन घरी गेली.

राजारामपंतांनी शब्द पाळला. हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण केवळ लबाड माणसाचा तिरस्कार करायला फारशी विवेकबुद्धी लागत नाही. ओल्ड्समोबिल वेळेवर येई. काका आधीच हीटर लावून ठेवीत. वाटेत ते तिची उजळणी घेत; लाल दिव्याशी थांबले की स्वतःचे मनगट पुढे करून विचारीत, "सांग बघू, हे कुठलं?" तिने बरोबर सांगितले की त्यांना मनापासून आनंद होई. तो आनंद खोटा नव्हता. वाढताना त्यांना होणारा आनंदही कधी खोटा नसे. मध्यसत्राच्या गुरुवारी तर ते तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडायला गेले, आणि बाईंनी हजेरी घेईपर्यंत काचेतून आत पाहत उभे राहिले. वसुधेला वडिलांची आठवण झाली, असे तिने पुढे सांगितले.

त्यानंतरच्या मंगळवारी गाडी आली नाही.

वसुधा पुस्तके छातीशी धरून अपार्टमेंटच्या दारात बराच वेळ उभी राहिली. वर येऊन तिने कचेरीत फोन केला. सेक्रेटरी म्हणाली, डीन आठल्ये मीटिंगमध्ये आहेत. गुरुवारीही ते मीटिंगमध्ये होते. मग तिने घरी फोन केला. काकू म्हणाल्या, "अगं, म्हणतात सध्या लवकर जावं लागतं. काय ते मलाही नीट सांगत नाहीत." दोन-तीनदा ती टॅक्सीने गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदा काका स्वतः फोनवर सापडले.

"काका, आता ते ड्रॉपचं करावं लागेल हो."

"बघतो गं, बघतो. सांगितलंय ना तुला? टेन्शन घेऊ नकोस."

तिने टेन्शन घेतले नाही. वडीलधाऱ्याने दोनदा 'बघतो' म्हटल्यावर खिडकीशी जाऊन तोच कागद आपण भरणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे तिच्यावर संस्कार होते. आणि कागद तर कोणीच भरला नव्हता. त्याचे कारण विसरभोळेपणा असते, तर हे चित्र काढण्याची गरज पडली नसती. मध्यसत्राला मोजलेली माणसे लगोलग नाव काढून घेऊ लागली, तर राज्याचे तपासनीस विचारतात, की ही खरोखर शिकत होती काय? तेव्हा मोजून झालेल्यांचे विथड्रॉवल होईल तितके लांबवावे, आणि मुदत टळली की ज्याने त्याने आपापल्या कर्माने नापास व्हावे, असे राजारामपंतांच्या कचेरीचे अलिखित धोरण होते. नापास होणाऱ्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. नापास होणे हे प्रामाणिकपणाचे दिसते. त्यात वसुधा परकी नव्हती, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक त्यांच्या लेखी काही फरक नव्हता. निःपक्षपातीपणाचे असेही एक रूप असते.

नाताळच्या सुट्टीत निकाल आला. दोन एफ.

जानेवारीत संक्रांतीनंतरच्या रविवारी आठल्यांकडे नेहमीप्रमाणे हळदीकुंकू होते. बायका वर दिवाणखान्यात, पुरुष खाली तळघरात. वसुधेने वर कुंकू लावून घेतले, आणि ती सरळ तळघराचा जिना उतरून पुरुषांत येऊन उभी राहिली. राजारामपंत हातात बशी घेऊन कोणाला तरी गुळाची पोळी वाढत होते.

"अरे वा, वसुधा! ये, ये. तिळगूळ घेतलास का?"

"काका, मी रजिस्ट्रारकडे गेले होते. ते म्हणतात, ऑफिसची चूक असेल तर एफ काढता येतो."

"हो का? बरं झालं मग."

"पण ऑफिसनं तसं लिहून द्यावं लागतं. तुम्ही एवढंच लिहा, की हिनं सप्टेंबरमध्येच ड्रॉप करायचं म्हटलं होतं, आणि मी थांबवलं. दुसरं काही नको."

राजारामपंतांनी बशी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली.

"असं लिहिता येत नाही गं. त्याचे फार अर्थ निघतात."

"खोटं आहे का ते?"

"खरंखोट्याचा प्रश्न नाही, बाळ."

"अहो राजाराम," नंदू म्हणाला, "दोन ओळी आहेत. लिहून टाका की यार!"

"नंदू, तुला सिस्टिम समजत नाही. सप्टेंबरात जाणार होती म्हटलं, की ऑक्टोबरात मोजली कशी? एक केस उघडली की ऑडिटवाले बाकीच्या सगळ्या काढतात. कॉलेजची ग्रँट जाईल, लोकांच्या नोकऱ्या जातील. एका ग्रेडसाठी?"

"बाकीच्या किती आहेत हो?" नंदूने विचारले. त्याच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती.

राजारामपंत वसुधेकडे वळले आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा मऊ झाला. "हे बघ, इट्स ओन्ली अ ग्रेड. दोन वर्षं काय, अशी जातील. परत घे कोर्स, मी स्वतः नाव घालून देतो. चल, आधी एक पोळी खा. तूप वाढू दे. आमच्या घरून असं तोंड पाडून जायचं नाही."

"मला नकोय, काका."

"अर्धी तरी. माझ्यासाठी!"

आणि तो गृहस्थ खरोखरच बशी घेऊन तिच्यामागे जिना चढू लागला. नरकाची जी काही वर्णने वाचनात येतात त्यांत यमदूत असतात, कढया असतात. आपण ज्याचे भविष्य नुकतेच नाकारले त्याला तूप वाढण्याची इच्छा होणारा सद्गृहस्थ त्यांत नसतो. कल्पनाशक्तीची ती उणीव आहे. जिन्याच्या वरच्या पायरीशी सुलभाकाकू उभ्या होत्या. त्यांनी सारे ऐकले होते. त्यांनी नवऱ्याच्या हातातली बशी काढून घेतली.

"पुरे झालं," त्या म्हणाल्या. "तिला जाऊ द्या."

"अगं पण ती उपाशी..."

"मी सोडते तिला घरी. किल्ली द्या."

राजारामपंतांनी किल्ली दिली आणि ते खाली परतले. थोड्या वेळाने पंगत पुन्हा सुरळीत सुरू झाली, ही गोष्टही सांगितली पाहिजे. जेवण उत्तम होते. नंदू तेवढा जेवला नाही. बाकीच्यांनी दोनदा पोळ्या घेतल्या, आणि घरी जाताना गाडीत आपापल्या बायकांना सांगितले, की मुलीनेही चारचौघांत असे बोलायला नको होते.

गिरीश सोमवारी मिलवॉकीला गेला. सासऱ्यांना पत्राने निकाल कळवावा लागला. उलटपत्री उत्तर आले, आणि त्यात राग नव्हता, नुसते समाधान होते. त्या वसंतात सुलभाकाकूंनी वसुधेला गाडी चालवायला शिकवली. लायसन्स मिळाले, पण दोन वर्षांनी अर्जाची वेळ आली तेव्हा कडेवर मूल होते, आणि ते 'एकदा' संपलेले होते. एका वृद्धाश्रमात ती मदतनीस म्हणून लागली. नर्सने सांगितलेले काम करणे हे तिचे काम.

राजारामपंतांची कीर्ती वाढत गेली. गळती रोखण्याचा त्यांचा प्रयोग पाहायला इतर कॉलेजांची माणसे येऊ लागली; एका परिषदेत त्यांनी त्यावर भाषण केले आणि त्याला टाळ्या मिळाल्या. एवढी माणसे थांबवून पुढे त्यांचे काय झाले, असे तिथे जमलेल्या शिक्षणतज्ज्ञांपैकी एकानेही विचारले नाही. ज्यांची विद्वत्ता मोजणीच्या दिवशीच संपते, त्यांना हा प्रश्न सुचण्याचे कारण नव्हते. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये कचेरीतच हृदयविकाराचा झटका येऊन राजारामपंत गेले. तिथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. सात वक्ते बोलले. सातांनीही त्यांच्या आतिथ्याचे वर्णन केले, आणि दोघांना बोलताना हुंदका आला. सुलभाकाकू पहिल्या रांगेत बसून होत्या.

राजाराम आठल्ये गेले. वसुधेच्या ट्रान्स्क्रिप्टवर दोन एफ आहेत.